भोंग्यावरचा हात

१

दुपारची जेवणं उरकली, खरकटं कोंबड्यांना गेलं, की सकुबाई पदराला हात पुसत ओसरीवर यायची आणि आडव्या झालेल्या धाऊला पायानंच हलवायची.

"उठा. तुमचा तारा खोळंबलाय."

"माझा कशाला? दिशाचा."

"मग दिशा उठवंल त्याला. तुमी तुमचं उठा."

मग दोघं कामाला लागायची. ती जिन्यानं स्लॅबवर, तो खालच्या खोलीत. त्या खोलीला गाव अजून कंट्रोल रूम म्हणतं. टीव्ही केबलवर चालायचे त्या काळात म्हसा गावापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंतच्या पाड्यांना धाऊ इथून सिनेमे दाखवायचा. पुढं घराघरावर चिमुकल्या छत्र्या उगवल्या आणि धाऊची केबल बसली. स्लॅबवरची मोठी छत्री तेवढी उरली. आठ फुटी, जाळीची नव्हे, अख्ख्या पत्र्याची. मुरबाडचा साईनाथ भंगारवाला दर वर्षी येऊन भाव करायचा आणि धाऊ त्याला चहा पाजून परत लावायचा. "बायको आणि छत्री मोडीत काढत नाय रे."

"दोघींत भाव कुणाचा जास्त सांगितला, ते इचारा आधी," सकुबाई आतून म्हणायची.

छत्रीला पुन्हा काम लावलं ते नातीनं. दिशा वाशिंदच्या मुलाची मुलगी. पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. दिवाळीत आली, छत्रीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आजोबांचा हातच धरून बसली. जुना भोंगा काढला, नवा बसवला. भोंगा म्हणजे छत्रीच्या तोंडासमोर दांड्यांवर धरलेली ती मूठभर डबी, आकाशातून आलेलं सगळं छत्री तिच्यात ओतते. खाली एक पेटी आणि जुना लॅपटॉप ठेवला.

"मोठा तारा जन्मताना कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आजोबा. धुळीच्या इतक्या जाड ढगात गुरफटलेला असतो की उजेड बाहेरच येत नाही. रेडिओलहरी मात्र येतात. तारा आतून तापायला लागला की त्या ढगातलं मिथेनॉल बोलायला लागतं."

"मिथेनॉल म्हंजे?"

"विषारी दारूत सापडतं ते."

"म्हंजे वर पण हातभट्ट्या," सकुबाई म्हणाली. "तरीच देव हाकेला ओ देत नाय."

दिशा हसून लोळली. मग तिनं समजावलं. हा तारा भोवतालचा वायू गिळून वाढतो, आणि मोठा घास घेतला की ढगाचा आवाज चढतो. मोठ्या दुर्बिणींच्या मागं शंभर कामं; रोज एकाच बाळाकडे बघत बसायला त्यांना सवड नाही.

"आमाला हाय," धाऊ म्हणाला. खरं तर केबल बसल्यापासून त्याला एवढं मोलाचं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

२

काम सोपं होतं. उन्हाळ्यात तो ढग भर दुपारीच उत्तरेला वर येतो. रेडिओला ऊन आडवं येत नाही. आधी छत्री ढगाकडे धरायची आणि माप घ्यायचं. मग जरा बाजूला, रिकाम्या आकाशाकडे, आणि पुन्हा माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की यंत्राची खरखर निघून जाते आणि ढगाचा आवाज उरतो. लॅपटॉपवर सपाट रेघ आणि मधे एक उंचवटा. धाऊ त्याला 'ढेकर' म्हणायचा. लॅपटॉप ते माप आपोआप पुण्याला दिशाकडे पाठवायचा.

पण त्याही आधी हात. यंत्र ठीक आहे ना हे बघायला भोंग्याच्या तोंडावर काहीतरी कोमट धरावं लागतं. दिशानं त्यासाठी काळा स्पंज दिला होता, तो शेळीनं खाल्ला. "मग तळहात धरा," दिशा फोनवर म्हणाली. "माणसाच्या हाताची ऊब ठरलेली असते. धरायचा आणि काढायचा."

धाऊ खाली, पेटीला जोडलेल्या केबलच्या वेळच्या काट्याच्या मीटरसमोर, म्हणून हात सकुबाईचा. छत्री खाली वाकवायची, डोक्यावर पदर, पायात धाऊच्या मोठ्या वहाणा, कारण स्लॅब तव्यासारखी तापलेली. ती भोंग्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणावर तळहात टेकवायची, पोराचा ताप बघावा तसा. खाली काटा टुणकन वर.

"काढ."

"थांबा की जरा."

"कशाला?"

"काय नाय. बरं वाटतं."

चैत्र सरता सरता एका दुपारी रेघेवर ढेकराच्या शेजारी एक खड्डा दिसला.

धाऊनं चष्मा पुसला. वजाबाकीत खड्डा पडायचा तर एकच अर्थ होतो: जे वजा केलं, त्यातही काहीतरी होतं. रिकाम्या जागेत कुणीतरी बोलत होतं.

दिशाला फोन लावला. ती म्हणाली, उपग्रह असेल, नाहीतर कुणाचा मोबाइल. रिकामी जागा बदला. धाऊनं छत्री ढगाच्या दुसऱ्या अंगाला वळवली. तिथंही खड्डा. खालच्या अंगाला, तिथंही. भोंग्यात गांधीलमाशीनं घर केलं असेल म्हणून धाऊ वर जाऊन बघून आला. झाकण घट्ट. मुंगी शिरेल एवढी फट नाही.

छत्री नेईल तिथं खड्डा होता. एवढं मोठं आकाश, आणि कोरी म्हणून एक जागा धाऊला सापडेना.

३

"हात ठेवलास का गो?"

"ठेवला."

काटा अर्ध्यावर येऊन थांबला होता.

"नीट ठेव."

"आता काय खिळा ठोकू?"

धाऊ जिना चढून वर गेला. सकुबाई नेहमीसारखी उभी, तळहात झाकणावर सपाट, चेहऱ्यावर उन्हाची तिरीप. त्यानं तिला खाली पाठवलं आणि स्वतःचा हात धरला.

"कुठं हाय काटा?"

"पार वर," खालून आवाज आला. "तुमच्या डोक्यात हाय तेवढी गरमी उतरली वाटतं हातात."

धाऊ हसला. त्यानं शेजारच्या सुदामला बोलावलं. सुदाम आंब्याला पाणी घालत होता, तो ओल्या हातानं आला, हात पुसून धरला. काटा पार वर. मग पुन्हा सकुबाई, आणि खाली काट्यापाशी सुदाम. अर्ध्यावरही नाही.

"वैनी, तुमी थंड डोक्याच्या म्हणून गावभर बोलतात, ते खरंच की," सुदाम खालूनच म्हणाला आणि निघून गेला.

धाऊनं तिथंच, भर उन्हात, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उबदार होता. खरबरीत, तांदळाच्या पिठाचा वास येणारा, रोजचाच हात. एवढ्या संसारात त्यानं तो दिवसाउजेडी असा धरला नव्हता.

"सोडा. लोक बघतात."

"कुणी नाय बघत."

"मग धरा," ती म्हणाली.

त्या दिवशी खड्डा आदल्या दिवसापेक्षा खोल होता. धाऊनं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, आणि मग बघायचं नाही असं ठरवलं. मीटर जुना आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. पण मीटर जुना असेल तर तो सगळ्यांसाठी जुना असायला हवा होता. एका बाईपुरता कसा जुना होईल?

४

मुरबाडच्या डॉक्टरांनी सकुबाईला तपासलं, नाडी बघितली, काचेची नळी तोंडात दिली. "आजी, तुम्ही मला पोचवून मग जाल," ते म्हणाले. नळीवर ताप ना थंडी. बाहेर पडून सकुबाईनं उसाचा रस मागितला, बर्फाचा.

येताना एसटीत धाऊ तिच्याकडे बघत राहिला.

"काय लागलंय का माझ्या तोंडाला?"

"नाय."

"मग खिडकीतून बघा. तिकीट काढलंय."

घरात आंब्याची आढी घातलेली होती. माजघराच्या कोपऱ्यात भाताचा पेंढा आणि त्यात थर लावलेले आंबे. आढीत हात घातला की आतून कढत वाफ लागते; तीच आंबे पिकवते. सकुबाई रोज हात घालून चाचपायची. धाऊनं एके दिवशी पेंढा उकलला. भिंतीकडचे आंबे पिवळेधमक. सकुबाई ज्या बाजूनं हात घालायची, त्या बाजूचे हिरवेगार, दगडासारखे, जसे झाडावरून उतरवले तसे. त्या बाजूचा पेंढा गार होता. विहिरीच्या काठाला असतो तसा गारवा.

त्यानं पेंढा परत लावला. बाहेर अंगणात सकुबाई कोंबड्यांशी भांडत होती. एका कोंबडीला ती सुनेचं नाव घेऊन शिव्या द्यायची, आणि सून आली की त्याच कोंबडीचं अंडं तिच्या पिशवीत घालायची. ही बाई गार कशी असेल?

दुपारी ती वर गेली तेव्हा वहाणा खाली जिन्यापाशीच राहिल्या होत्या. धाऊनं वर डोकावलं. त्या तव्यावर ती अनवाणी उभी होती, पाय न उचलता. खाली येऊन बघितलं तर काटा शून्यापासून केसभर वर. तिथं कुणी हात ठेवलाय, एवढंच त्यावरून कळत होतं. कुणाचा, जिवंत माणसाचा की दाराच्या कडीचा, ते कळत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी धाऊनं पेटीची पिन भिंतीतून उपटली आणि वायर गुंडाळून खुंटीला टांगली. सकुबाईला म्हणाला, "मशीन बिघडली. दिशा येईल तेव्हा बघंल."

"बरं."

ती एवढ्या लवकर बरं म्हणाली, तिथंच त्यानं ओळखायला हवं होतं. जेवून त्याचा डोळा लागला. जाग आली ती शुकशुकाटानं. कोंबड्या गप्प होत्या. उंबऱ्यात शेळी उभी होती, कान ताठ, स्लॅबकडे बघत.

वरून सकुबाईचं गुणगुणणं ऐकू येत होतं. गाणं नव्हे, गोठ्यात गुराला चुचकारतात तो आवाज.

तो वर गेला. छत्री तिनं स्वतःच वाकवली होती. भोंगा मेलेला, त्याला वीज नाही, आणि ती तळहात टेकवून उभी.

"मशीन बंद हाय, सकू."

"म्हाईत हाय मला."

"मग काय करतंस?"

तिनं हात काढला नाही. "आपल्या ढवळीचं वासरू आठवतं? ती व्याली आन् मेली, ते?"

आठवत होतं. बिनआईचं वासरू बादलीत तोंड घालत नाही. दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात द्यावी लागतात. ते बोटं चोखतं, आणि चोखता चोखता तोंड हळूहळू बादलीपर्यंत न्यायचं. सकुबाईनं ते महिनाभर केलं होतं. पुढं ते वासरू म्हशाच्या जत्रेत बैल म्हणून मिरवलं.

"तसंच वढतं हे," ती म्हणाली. "पयल्यांदा वाटलं भास. मग रोज. जिभेसारखं लागतं, खरबरीत. लय लांबून, पण वढतं."

"काय वढतं?"

"मला काय म्हाईत. नात तुमची शिकलेली." मग, "भुकेलं हाय, एवढं कळतं. त्याला शिकाय लागत नाय."

धाऊनं तिचं मनगट धरून हात बाजूला केला. तिनं ओढाओढ केली नाही. तळहात ओला होता. कोरड्या वैशाखात, कडकडीत उन्हात, आतून ओला आणि पांढरा, कातडीला सुरकुत्या पडलेल्या, दिवसभर पाण्यात राहिल्यासारख्या. तिनं तो लुगड्याला पुसला, सवयीनं.

६

दिशाचा फोन संध्याकाळी आला. सकुबाई चुलीपाशी होती.

"आजोबा, तो खड्डा खोटा नाही. मी सगळे दिवस एकत्र करून बघितले. अगदी त्या ढगासारखाच आवाज, तेवढीच बारीक रेघ. म्हणजे तिथं आणखी एक आहे. कुणालाच माहीत नसलेला."

"तारा?"

"व्हायचा आहे. जन्मतोय. आणि भराभर वाढतोय, म्हणजे काहीतरी भरपूर खातोय. पण असा प्रत्येक बाजूला कसा दिसतो तेच कळत नाही." तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "तुम्ही थांबू नका हां. कालचं आणि आजचं माप तर सगळ्यात मोठं आलंय."

"आजचं?"

"आत्ता बघतेय ना, माझ्यासमोर आहे."

धाऊ उठून कंट्रोल रूममध्ये गेला. वायर खुंटीला होती. पेटीवरचा दिवा विझलेला. लॅपटॉप सकाळी मिटून ठेवला तसाच.

"दिशा, एक सांग. हे बाळ पुरं वाढलं, की मग काय होतं?"

"मोठा तारा ना? पेटला की त्याचं तेज आणि वारा इतका जबरदस्त असतो की ज्या ढगानं त्याला वाढवलं तो ढगच पहिला उडवून लावतो. भोवताली काही शिल्लक राहत नाही. पोकळी होते नुसती." मग तिनं विचारलं, "आजी बरी आहे ना? आज फोनवर आली नाही."

"भाकऱ्या टाकते," धाऊ म्हणाला. ती खरंच टाकत होती. त्याला इथून थापण्याचा आवाज येत होता. त्यानं तो आवाज पुरेसा ऐकून घेतला आणि मगच फोन ठेवला.

रात्री जेवताना त्यानं सांगून टाकलं. "साईनाथला निरोप देतो. छत्री घेऊन जाऊ दे."

"का?"

त्यानं दिशाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ढगाचं काय होतं तेही.

सकुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, कोरड्यासात बुडवला, खाल्ला. "पोरं वाढली का असंच असतं," ती म्हणाली. "आपला वाशिंदला गेला तवा काय शिल्लक ठेवलंन घरात?"

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठं? अर्ध्यावर बोट काढलं तर वासरू मरतं. ते माझ्यानं नाय व्हायचं." मग त्याच्या ताटाकडे बघून, "खा. गार होतंय."

७

साईनाथाची वाट बघायला धाऊला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात असेल असं समजून तो पाना घेऊन वर चढला. भोंगा तीन दांड्यांना बोल्टनं कसलेला. तो निघाला की छत्री नुसता पत्रा.

ती गोठ्यात नव्हती. ती तिथंच होती.

स्लॅबवर एवढं ऊन होतं की डोळे मिटावेत. सकुबाईनं एक हात भोंग्यावर ठेवला होता, दुसऱ्यानं दांडी धरली होती, आणि तोंडानं चुचकारत होती. तिच्या पायांशी सिमेंटवर दव पडलं होतं. तिच्या भोवती हातभर, गोल.

"बाजूला हो, सकू."

"पाना खाली ठेवा."

"तुझ्याइतकं माझं कोण हाय गो?" हे वाक्य धाऊच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि तेही हातात पाना धरून.

सकुबाईनं मान वळवली. चेहरा तिचाच, डोळे तिचेच, जरा थकलेले. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हणून तर पोट भरून देता येतं. उपाशी बाईला काय देता येणार हाय?"

तिनं बोटं बदलायला तळहात क्षणभर उचलला. धाऊला झाकण दिसलं. पांढरं, टणक प्लास्टिक, स्वतः त्यानं दिवाळीत दाबून बसवलेलं. ते आत गेलं. बाहेर आलं. पुन्हा आत गेलं, आणि हात शोधल्यासारखं डावीकडे जरासं वळलं, मग उजवीकडे, जिथं धाऊ उभा होता तिथं.

आणि थांबलं.

त्यानं पाना उगारायला हवा होता. कारण त्याला पुरतं कळत होतं, डोकं जागेवर होतं. कुठल्या बोल्टला किती आटे आहेत तेही त्याला ठाऊक होतं. पण झाकण त्याच्याकडे वळून थांबलेलं होतं. सकुबाईच्या ओठांचा रंग गेला होता. तिच्या एकटीत आता फार उरलं नव्हतं, हे दाखवायला कुठल्याही मीटरची गरज नव्हती.

त्यानं पाना खाली ठेवला. तिचा हात परत झाकणावर टेकायच्या आत आपला हात खाली सारला.

आधी काहीच नाही. ऊन लागलेलं प्लास्टिक. मग खूप लांबून, वाट चुकत चुकत यावं तसं, खरबरीत काहीतरी त्याच्या तळहाताला लागलं, बिचकलं, आणि ओढू लागलं. दुखत नव्हतं. हीच गोष्ट त्याला सगळ्यात वाईट वाटली.

सकुबाईनं आपला तळहात त्याच्या हातावर ठेवला. तो गारठलेला होता. हळूहळू, त्याच्याकडून घेऊन, कोमट झाला. तिच्या ओठांवर रंग आला.

"हळू द्यायचं," ती म्हणाली. "घाई केली तर ठसका लागतो त्याला."

"किती दिवस गो?"

"मोठं होईस्तोवर."

खाली शेळी ओरडली आणि गप्प झाली. सिद्धगडावर, लांब, उन्हाची झळ हलत होती. धाऊनं मोकळा हात तिच्या कमरेभोवती घातला आणि घट्ट धरला, दिशा म्हणाली तो वारा सुटलाच तर दोघं एकाच बाजूला जावीत म्हणून. आसपासच्या झाडांचं पानसुद्धा हलत नव्हतं.